मागचं डावं चाक

कृष्णा, मघाशी तू म्हणालास ना, गाडीच्या मीटरवर पिवळी लाईट लागते आणि आपोआप जाते, म्हणून तू ते मनावर घेत नाहीस... बस इथं. तनुजा, तूही बस. चहा ठेवायचा असेल तर आधीच ठेवा, मध्येच कुणी उठायचं नाही. कुणाला घाबरवायला मी हे सांगत नाही. ज्याच्यावर गुदरलं तो अकरा वर्षं माझ्या हाताखाली वायरिंगचं काम शिकला. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा आधीच बजावलं होतं, "उस्ताद, मध्ये बोलू नका. थांबलो तर पुढचं तोंडातून निघणार नाही." मी बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.

त्याचं नाव संघपाल हिवराळे. हर्सूलच्या अलीकडं रस्त्याला लागून त्याचं एका शटरचं गॅरेज. इंजिन तो उघडायचा नाही, डेंटिंग-पेंटिंग करायचा नाही. त्याचं काम फक्त वायरींचं, लाईटचं, सेन्सरचं. शहरातल्या चार गॅरेजांनी हात टेकले की गाडी संघपालकडं यायची. शांत माणूस. गाडीशी हळू आवाजात बोलायची सवय. घरी बायको रूपा आणि एक मुलगी.

मागच्या डिसेंबरच्या आधीचा डिसेंबर. सन दोन हजार चोवीस. सोमवारी सोयगावहून पुंडलिक गुरुजी आले. शाळामास्तर, बोलणं मोजकं. पांढरी जुनी गाडी, घेऊन सहा-सात महिने झालेले.

"मीटरवर दोन लाईट लागतात," गुरुजी म्हणाले. "आधी पिवळी, ती घसरत्या गाडीची. मग लाल, ब्रेकची. तीन ठिकाणी दाखवली. कुणाला काही सापडंना."

"कधी लागतात?"

"रात्री. दहाच्या पुढं. फुलंब्री सोडली की."

"येताना का जाताना?"

"इकडून सोयगावला जाताना. तिकडून येताना एकदाही नाय."

संघपाल हसला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "गुरुवारी सकाळी घरची सगळी मंडळी या गाडीत बसणार आहेत. लग्नाला जायचंय. माझी भीती गेली पाहिजे, एवढंच काम करा."

सोमवार गेला, मंगळवार गेला. संघपालनं चारही चाकं उतरवली. सेन्सर पुसले, वायरी बोटांनी चाचपल्या, ब्रेकचं ऑईल बदललं, घासपट्ट्या पाहिल्या. गाडी गावात तीसेक किलोमीटर फिरवली. एकही लाईट लागेना. काही रोग थंडीत वर येतात. वायर आकसते, टोक सुटतं, ऊन पडलं की पुन्हा चिकटतं. तेव्हा एकच उपाय उरला. गुरुजी म्हणतात त्याच वेळेला, त्याच रस्त्याला, स्कॅनर लावून गाडी न्यायची आणि रोग रंगेहाथ पकडायचा.

बुधवार. अकरा डिसेंबर. रात्री साडेनऊला जेवून तो उठला.

"कुणाला तरी सोबत न्या," रूपा म्हणाली.

"कशाला? फुलंब्रीपर्यंत जातो, परत फिरतो. झोप तू."

स्कॅनर म्हणजे काय, ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाटीएवढा पडदा असतो. त्याची वायर स्टेअरिंगच्या खाली लागते, आणि गाडीच्या पोटात काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. संघपालनं तो शेजारच्या सीटवर उभा करून ठेवला. पडद्यावर चार चौकोन. एकेका चाकाचा एकेक. कोणतं चाक किती वेगानं फिरतंय तो आकडा त्यात येतो. चारही आकडे सारखे पाहिजेत. एक जरी वेगळा निघाला तर गाडीला वाटतं, मी घसरतेय, आणि ती पिवळी लाईट लावते. एवढंच.

हर्सूलच्या तुरुंगाची भिंत मागं गेली. तलाव गेला. सावंगी गेली. चौक्याच्या घाटात ट्रक पुढं होता, त्याच्या मागं मागं तो उतरला. आकडे चारही सारखे. एकादशीचं चांदणं होतं, पिठासारखं. थंडी बरीच. फुलंब्रीत पानटपऱ्या बंद होत होत्या. त्यानं घड्याळ पाहिलं, दहा पस्तीस. मागं फिरायची हीच जागा. पण आकडे सारखेच होते, म्हणून तो अजून थोडा पुढं गेला.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी गाडीनं शीळ घातली.

पिवळी लागली. दोन दम घेतले असतील, तोवर लाल.

संघपालला बरं वाटलं, बरं का. रोग हाती लागला की कारागिराला आनंदच होतो. त्यानं पडद्याकडं पाहिलं. बावन्न, बावन्न, बावन्न... आणि शून्य. मागचं डावं चाक. चाक खरंच जाम झालं असतं तर गाडी ओढली असती, रबर जळाल्याचा वास आला असता. तसं काही नव्हतं. म्हणजे वायरच. तो मोठ्यानं म्हणाला, "सापडलीस गं बाई."

आता चालू रस्त्यावर गाडीखाली शिरता येत नाही. ट्रक धावतात. तो नवा सिमेंटचा रस्ता सरळ केला ना, तेव्हा जुन्या डांबरी रस्त्याची वळणं जागोजागी बाजूला पडली. तसंच एक वळण डाव्या हाताला दिसलं. कोणतं ते मी सांगणार नाही, तिथं लोकांची शेतं आहेत. संघपालनं गाडी त्यात घातली. दोन-तीनशे पावलं आत. जुन्या डांबरावर धूळ साचून मऊ गादी झालेली. पुढं ओढ्यावरचा जुना ठेंगणा पूल. त्याच्या अलीकडं त्यानं गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. चावी अर्धी फिरवून ठेवली, म्हणजे स्कॅनर चालू राहील.

नव्या रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज इथं येत नव्हता. इतकं जवळ असून.

पडद्यावर शून्य, शून्य, शून्य.

आणि मागच्या डाव्याला... चार.

चार म्हणजे माणूस चालतो तो वेग.

तो हातातली बॅटरी पेटवून उतरला. हत्यारांची पेटी खाली घेतली, धुळीत ठेवली. मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला. चाक जागच्या जागी होतं, हँडब्रेकनं आवळलेलं. हात लावून पाहिला, हलेना. आत हात घालून त्यानं सेन्सरची जोडणीच सोडवली. वायर मोकळी लोंबत ठेवली. आता या चाकाकडून पडद्यावर काही जायचा संबंधच नाही. चौकोन रिकामा यायला पाहिजे.

हात पुसत तो आत बसला. थंडी झोंबत होती म्हणून दार ओढून घेतलं.

चौकोन रिकामा नव्हता.

अकरा.

तो बघत राहिला. बारा. पंधरा. अठरा. उरलेले तीन शून्य. गाडी उभी. समोर चांदण्यात पुलाचा कठडा उभा. वीस.

खट्ट.

चारही दारांची बटणं एकदम खाली बसली.

हे आजकालच्या गाड्यांत असतंच. वीसच्या वर वेग गेला की दारं आपोआप बंद होतात, लेकरंबाळं पडू नयेत म्हणून. गाडीला वाटत होतं की ती चाललीय. संघपालला हे कळत होतं. म्हणून तो आधी घाबरलाच नाही. त्यानं आतली कडी ओढली. बटण वर आलं... आणि दार लोटायच्या आत खाली बसलं. पुन्हा ओढली. पुन्हा वर, पुन्हा खाली. दुसऱ्या हातानं बटण धरून ठेवलं. ते बोटांतून निसटून खाली गेलं. जोर लावून कुणी ओढावं तसं.

त्यानं चावी काढली.

चावी हातात. मीटर चालूच. पिवळी चालू, लाल चालू. स्कॅनर चालू.

एकतीस.

काचेचं बटण दाबलं, काच हलेना. शेजारच्या सीटवर सरकून तिकडचं दार पाहिलं, तेच. स्कॅनरची वायर उपटली, पडदा विझला. पण आता मीटरवरचा काटा चढायला लागला होता. चाळीसवर आला होता. उभ्या गाडीचा काटा. बाहेर दोन हातांवर हत्यारांची पेटी चांदण्यात चकाकत होती. तिच्यात हातोडा होता. आत त्याच्याजवळ काय, तर बॅटरी आणि चावी. तो पाठीवर आडवा झाला आणि दोन्ही पायांनी काचेवर लाथा मारल्या. पाच, सहा, सात. काच तशीच. त्याच्या श्वासानं तेवढी आतून पांढरी होत चालली.

तेवढ्यात फोन वाजला. रूपाचा. अकरा चाळीस झाले होते.

"कुठपर्यंत आलात?"

"अगं, गाडीत अडकलोय. दारं लॉक झालीत. घाबरू नको. तू एक कर, उस्तादांना फोन लाव..."

"नीट ऐकू येईना. गाडी हळू चालवा ना आधी. किती वारं घुसतंय फोनमधी."

"रूपा, गाडी उभी आहे."

तिकडं तिनं खोलीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"रूपा?"

"उभी कुठंय?" तिचा आवाज बदलला होता. "मला काय ऐकू येत नाय का? लई जोरात चाललीय... आणि मागं कोण बसलंय?"

संघपालनं आरशात पाहिलं नाही. आरसा तिथंच होता, कपाळासमोर. त्यानं पाहिलं नाही.

"कोणी नाय," तो म्हणाला.

"बाई बोलतेय कुणीतरी. म्हातारी वाटतेय. सारखं एकच विचारतेय तुम्हाला."

"काय... काय विचारतेय?"

"दिवा विझला का, म्हणते."

फोन त्याच्या हातातून सुटला आणि सीटखाली गेला.

आता इथं मला तीन वर्षं मागं जावं लागेल. हे संघपालनं मलाही तोवर सांगितलं नव्हतं. रूपालाही नाही.

दोन हजार एकवीसची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. संध्याकाळी शटर ओढायच्या वेळेला एक गाडी येऊन थांबली. चालवणारा तिशीतला, नाव सुदर्शन. सोयगावचा. मागच्या सीटवर डाव्या बाजूला त्याची आई, केसरबाई. डोळ्याचं ऑपरेशन करून घरी निघालेली, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. मीटरवर दोन लाईट, पिवळी आणि लाल. संघपालनं पाहिलं. मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर गेलेला, आणि त्या चाकाचा ब्रेकही धड नव्हता, ऑईल पाझरत होतं. तो म्हणाला, गाडी ठेवा, सामान उद्या येईल.

सुदर्शन हात जोडायला लागला. "दादा, आईला आजच घरी न्यायचंय. हळूहळू जातो. फक्त ती लाईट तेवढी घालवा. गाडी सारखी शीळ घालते, आई एका डोळ्यानं तो लाल दिवा बघते आणि घाबरी होते. रस्ताभर मला विचारून विचारून बेजार करंल."

संघपाल नाही म्हणाला. मग पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. दिवसभर दमलेला होता, घरी जायचं होतं. स्कॅनर लावला, एक बटण दाबलं आणि गाडीच्या डोक्यातला दोष पुसून टाकला. दोष तिथंच राहिला, त्याची आठवण तेवढी गेली. मीटर काळं झालं, स्वच्छ.

तेव्हा केसरबाईनं मागची काच खाली केली. त्याला जवळ बोलावलं.

"लेकरा, दिवा विझला का?"

"विझला, मावशी."

"मंग आता भ्याव नाय ना?"

संघपाल म्हणाला, "नाय मावशी. बिनघोर जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कळलं. जुन्या रस्त्याला, ओढ्याच्या पुलावर, गाडीनं ब्रेक दाबताच गिरकी घेतली. कठडा तोडून खाली गेली. मुलाचा पाय मोडला. आई जागीच गेली. लोक म्हणाले, रस्त्यावर खडी पडली होती. मीटरवरच्या लाईटचं कुणी काही विचारलं नाही. संघपालनंही काही सांगितलं नाही. त्या बाजूला जाणंच त्यानं टाकलं. फुलंब्रीच्या पलीकडचं काम आलं की म्हणायचा, वेळ नाही. गुरुजींचं काम तेवढं घेतलं. का घेतलं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

आणि आता तो त्या पुलासमोर होता. काचेवरची वाफ त्यानं बाहीनं पुसली. कठड्याचा उजवीकडचा भाग जुना, काळा. डावीकडं मधेच तुटलेला... पाच-सहा हात. तिथून पलीकडं नुसता अंधार.

काटा साठवर होता.

गाडी हलत नव्हती. चाकं हलत नव्हती. पण त्याची पाठ सीटला दाबली जात होती. वेगात दाबली जाते तशी.

पासष्ट.

मागून लुगड्याची सळसळ आली. कुणीतरी सावरून बसावं तशी. आणि वास आला. डोळ्यात घालायच्या औषधाचा, दवाखान्याचा.

सत्तर.

त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. दोन्ही पाय ठेवले. पेडल खाली गेलं... खालीच गेलं. पोकळ. पाण्यात पाय घालावा तसं.

आणि मग पिवळी लाईट विझली.

आपोआप.

पाठोपाठ लाल.

मीटर काळं झालं. स्वच्छ. तसंच, अगदी तसंच. उस्ताद, तो मला म्हणाला, लाईट चालू होत्या तोवर मी घाबरलो होतो. त्या विझल्या तेव्हा मला कळलं, आता वेळ उरलेली नाही.

मानेच्या मागं, कानाच्या अगदी जवळ...

"लेकरा."

त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं.

"दिवा विझला का?"

...

"मंग आता... भ्याव नाय ना?"

तेच दोन शब्द ओठांवर आले होते. सवयीचे. गिऱ्हाईकाला द्यायचे. ते बोलून टाकावेत आणि सुटावं असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. तो मला म्हणाला, उस्ताद, मी तेव्हाही खोटं बोलणार होतो.

नव्वदकडं काटा.

"आहे," संघपाल म्हणाला. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाला. "आहे, मावशी. भ्याव आहे. दिवा विझला, पण ब्रेक तसाच आहे. मी नीट केला नाय. मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, मावशी. उतरा तुम्ही. या गाडीतून उतरा..."

मग तो रडत होता. डोकं स्टेअरिंगवर. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही.

मागून आवाज आला. दाराची कडी. ओढल्याचा... सावकाश. म्हाताऱ्या हाताचा.

दार उघडलं. थंडीचा झोत आत आला.

कुणीतरी उतरल्यावर गाडी जराशी वर येते ना... तशी ती डावीकडून वर आली.

दार लागलं. अलगद.

संघपालनं मान वर केली तेव्हा काटा शून्यावर होता. दारांची बटणं वर होती. मीटरवर लाल दिवा लागलेला होता, भडक लाल. त्यानं दार ढकललं, ते उघडलं. तो बाहेर पडला, गुडघ्यांवर. मग उठला आणि नव्या रस्त्याच्या दिशेनं पळत सुटला. मागं पाहिलं नाही. रस्त्याला लागून एक बंद ढाबा होता, त्याच्या बाजेवर तो उजाडेपर्यंत बसला. ढाब्याच्या राखणदाराच्या फोनवरून रूपाला तेवढं सांगितलं, "मी ठीक आहे." रूपा म्हणाली, "मला माहितेय. मघाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. ती बाई जाताना काहीतरी बोलली, ते मात्र समजलं नाय."

सकाळी त्यानं पहिलं काम काय केलं, तर राखणदाराच्याच फोनवरून गुरुजींना फोन; नंबर खिशातल्या वहीत होता. म्हणाला, लग्नाला दुसरी गाडी करा, माझ्याकडून तुमची नीट झालेली नाही. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईकाला असं सांगितलं. मग परत शहराकडं न येता तो एसटीत बसला आणि सोयगावला गेला.

सुदर्शनची पिठाची गिरणी आहे. एक पाय ओढत चालतो. त्यानं संघपालला ओळखलं नाही. संघपालनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बटण कसं दाबलं, काय माहीत होतं, आईला काय म्हणालो. सुदर्शननं गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत बघत राहिला. संघपालला वाटलं, आता हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मीच तुमच्यामागं लागलो होतो," सुदर्शन म्हणाला.

"तरी मी पुसायला नको होतं."

मग सुदर्शन खाली पाहूनच म्हणाला, "त्या वळणाच्या आधी आई म्हणत होती, मला उतरव. दोन-तीनदा म्हणाली. मला वाटलं, मळमळत असंल. मी म्हणालो, पुढं थांबू, गप बस." त्यानं हातावरचं पीठ झटकलं. "हे मी कुणाला बोललो नाय. बायकोलाही नाय."

तो आत गेला, मोटारसायकलची चावी घेऊन आला. "चला. मला ती जागा दाखवा. मीही परत कधी गेलो नाय."

दोघं तिथं पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. लख्ख ऊन. लांब कुणीतरी मका काढत होतं. गाडी रात्री होती तिथंच उभी. हत्यारांची पेटी तशीच. आजूबाजूच्या धुळीत संघपालच्या चपलांचे ठसे, गाडीमागून चाकापर्यंत गेल्या-आल्याचे आणि पळत गेल्याचे. दुसऱ्या कुणाचे नाहीत. मागच्या डाव्या दाराखाली तर धूळ इतकी सपाट, की त्यावर पाखराचं पाऊल उमटलेलं दिसत होतं.

सुदर्शन पुलाकडं जाऊन तुटलेल्या कठड्यापाशी उभा राहिला. संघपालनं त्याला एकट्याला राहू दिलं. थोड्या वेळानं तो डोळे पुसत माघारी आला आणि गाडीच्या मागच्या बाजूनं वळताना थबकला.

"हे टायर कधीचे?" त्यानं विचारलं.

"चारही नवे आहेत. गुरुजींनी दिवाळीला टाकलेत."

"इकडं या."

संघपाल गेला. तीन टायर नवेच होते, बोट रुतेल एवढी नक्षी. मागचं डावं... उस्ताद, तो म्हणाला, मी आजवर असा टायर पाहिला नाही. गुळगुळीत. रबर संपून आतल्या तारा बाहेर आलेल्या. वर्षानुवर्षं, हजारो कोस पळवल्यासारखा.

दोघं खाली वाकले. गाडी नव्या रस्त्यावरून आत आली होती, तेव्हाचा त्या चाकाचा माग धुळीत उमटलेला होता. त्यात नक्षीची एकेक रेघ स्वच्छ दिसत होती. माग सरळ, न तुटता, त्या चाकापर्यंत येऊन थांबला होता.

आणि चाकावर नक्षी नव्हती.